हायड्रोजनवरची वाहने: अडचणी नेमक्या कुठे येतात? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हायड्रोजनबद्दल विचारले जाणारे बहुतेक प्रश्न गाडीबद्दल असतात: स्फोट होईल का, किती पळते, किती टिकते. गाडी बऱ्यापैकी जमलेली आहे. खरे घोडे पेंड खाते ते वायू तयार करण्यात, तो पंपापर्यंत नेण्यात आणि पंप चालू ठेवण्यात. म्हणून खालच्या उत्तरांत पंपाबद्दल जास्त लिहिले आहे.

हायड्रोजनची गाडी इंजिनवर चालते की मोटरवर?

आज विकत मिळणाऱ्या जवळपास सगळ्या हायड्रोजन मोटारी मोटरवर चालतात. टाकीतला हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन फ्युएल सेलमध्ये एकत्र येतात, त्यातून वीज निघते आणि ती मोटरला मिळते. उरते ते पाणी, १ किलो हायड्रोजनमागे साधारण ९ किलो. एकेका सेलला भाराखाली ०.६ ते ०.७ व्होल्टच मिळतात, म्हणून शेकडो सेल एकावर एक रचावे लागतात. टोयोटा मिराईच्या दुसऱ्या पिढीत असे ३३० सेल असून त्यांची क्षमता १२८ किलोवॅट आहे. शिवाय एक छोटी बॅटरी असते. ब्रेक लावताना परत मिळणारी ऊर्जा ती साठवते आणि एकदम वेग हवा असेल तेव्हा हात देते.

१ किलो हायड्रोजनमध्ये पेट्रोलच्या जवळपास तिप्पट ऊर्जा असते. मग अडचण कसली?

वजनाच्या हिशेबाने ते खरे आहे: हायड्रोजन १२० मेगाज्यूल, पेट्रोल साधारण ४३. पण गाडीत अडचण होते ती जागेची. १ लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल मावतात. हायड्रोजन ७०० बारपर्यंत (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) दाबला तरी १ लिटर टाकीत जेमतेम ४० ग्रॅम बसतो, म्हणजे ५ मेगाज्यूलही नाही.

हा दाब झेलण्यासाठी आतून प्लास्टिकचे अस्तर आणि बाहेरून कार्बन फायबरचे जाड वेटोळे असलेली नळकांडी टाकी लागते. भरलेल्या टाकीच्या वजनात हायड्रोजनचा वाटा ५-६ टक्क्यांच्या आसपास असतो, बाकी सगळी टाकीच. मिराईत ५.६ किलोसाठी तीन टाक्या आहेत, ह्युंदाई नेक्सोच्या २०१८ च्या मॉडेलमध्ये ६.३३ किलोसाठी तीन. टाकी गोल नळकांडीच असावी लागते. पेट्रोलच्या टाकीसारखी सीटखालच्या वेड्यावाकड्या जागेत ती बसवता येत नाही. त्यामुळे गाडी लांबीने मोठी असूनही डिकी लहान निघते. टाकीच्या किमतीत सर्वांत मोठा वाटा कार्बन फायबरचा असतो, आणि उत्पादन वाढले तरी तो फार उतरत नाही.

सरळ बॅटरी चार्ज करण्यापेक्षा हायड्रोजन महाग का पडतो?

हिशेब मांडून पाहू. पाण्याचे विघटन करून १ किलो हायड्रोजन मिळवायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. तो दाबायला आणि भरण्यापूर्वी थंड करायला आणखी ३ ते ६ युनिट. म्हणजे १ किलो गाडीत पडेपर्यंत ६० युनिटच्या आसपास खर्ची पडले. त्या किलोत वापरता येण्याजोगी ऊर्जा ३३ युनिट. फ्युएल सेलमधून त्यातली ५० ते ६० टक्के वीज हाती लागते, आणि गाडी १०० किलोमीटरच्या थोडी पुढे जाते. तीच ६० युनिट बॅटरीच्या गाडीत भरली, तर चार्जिंगमधली घट धरूनही ती ३०० किलोमीटर जाते.

म्हणजे तेवढ्याच अंतराला सुमारे तिप्पट वीज. पुढच्या पिढीत सुधारून ही तफावत मिटेल अशी आशा धरू नये. विजेचा वायू करणे आणि वायूची पुन्हा वीज करणे, या दोन्ही पायऱ्यांवर उष्णतेच्या रूपाने घट होणारच. इलेक्ट्रोलायझर, म्हणजे पाण्याचे विघटन करणारी यंत्रे, स्वस्त होतील, त्यांना लागणारी वीज थोडी कमी होईल, पण तिपटीचा फरक भरून निघणार नाही. हायड्रोजनचे समर्थन करायचे तर वेळ, वजन किंवा साठवण यांच्या जोरावर करावे लागते. कार्यक्षमतेच्या जोरावर ते टिकत नाही.

पाच मिनिटांत टाकी भरते, हे खरे आहे का?

पंप तयार असेल आणि पुढे रांग नसेल तर हो. पण त्या पाच मिनिटांत काय घडते ते पाहिले की पंप एवढे नाजूक का असतात ते कळते.

वायू टाकीत कोंबला जातो तसा तापतो. हायड्रोजनच्या बाबतीत आणखी एक गंमत आहे: नेहमीच्या तापमानाला तो प्रसरण पावतानाही थंड न होता किंचित तापतो. टाकीच्या आतले तापमान ८५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नसते, कारण अस्तर आणि कार्बन फायबर बांधून ठेवणारे रेझिन त्यापुढे धोक्यात येतात. म्हणून पंप वायू आधीच उणे ३३ ते उणे ४० अंशांपर्यंत थंड करतो. नोझल बसवून खटका लावला की आधी थोडा वायू सोडून दाब स्थिर राहतो का, गळती आहे का, हे तपासले जाते. नोझलवरचा इन्फ्रारेड संवेदक गाडीकडून टाकीचा दाब आणि तापमान वाचतो. बाहेरची हवा किती गरम आहे यावरून दाब किती वेगाने चढवायचा ते ठरते. ७०० बारच्या टाकीत भरताना दाब ८७५ बारपर्यंत जाऊ शकतो. वायू निवला की तो खाली येतो.

आता चुकते कुठे ते पाहू. इन्फ्रारेडच्या काचेवर धूळ किंवा ओल असेल तर गाडी आणि पंप यांचा संवाद तुटतो; पंप मग सावध हिशेबाने भरतो आणि टाकी पूर्ण भरत नाही. शीतकरण कमी पडले तर पंप वेग उतरवतो किंवा मध्येच थांबतो. दमट हवेत थंड नोझलवर बर्फ धरतो आणि ते गाडीच्या तोंडाला चिकटून बसते. ते ओढू नये, हिसका देऊ नये. मिनिटभर थांबले की बर्फ सुटतो. चांगल्या पंपांवर नोझलभोवती कोरडा नायट्रोजन सोडण्याची सोय असते, त्याने हा त्रास बराच कमी होतो.

रांगेतल्या तिसऱ्या-चौथ्या गाडीचे दुःख वेगळे. भरताना दाब येतो तो ९०० बारच्या आसपास भरून ठेवलेल्या साठवण टाक्यांतून. लागोपाठ गाड्या आल्या की त्या टाक्यांचा दाब उतरतो आणि कॉम्प्रेसरने तो पुन्हा चढवेपर्यंत थांबावे लागते. पाच मिनिटांचा आकडा पहिल्या गाडीचा असतो. पंपाची खरी ताकद तासाला किती किलो देतो यावरून जोखावी.

पंप इतक्या वेळा बंद का असतात?

बहुतेक वेळा कॉम्प्रेसरमुळे. उच्च दाबाच्या कॉम्प्रेसरमध्ये धातूचा पातळ पडदा किंवा पिस्टनच्या सील असतात. हायड्रोजनचा रेणू इतका लहान की तो सीलमधून वाट काढतो, आणि अयोग्य पोलादात शिरून त्याला ठिसूळ करतो. सतत चालणारा कॉम्प्रेसर जास्त टिकतो; दिवसातून अनेकदा चालू-बंद होणारा लवकर बिघडतो. इथे एक दुष्टचक्र तयार होते: गाड्या कमी म्हणून कॉम्प्रेसर वारंवार थांबतो, त्यामुळे बिघाड वाढतात, बिघाडांमुळे लोक गाड्या घेत नाहीत. त्याखालोखाल शीतकरण यंत्रणा, नोझलची नळी आणि झडपा. नळीला प्रत्येक भरणीत उणे ४० अंश आणि शेकडो बारचा ताण सोसावा लागतो, म्हणून ठरावीक भरण्यांनंतर ती बदलावीच लागते. सुटे भाग बनवणारे मोजकेच आहेत. एक सील यायला आठवडे लागले तर पंप तितके आठवडे बंद.

पुरवठ्याची साखळीही बारीक आहे. जून २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा इथल्या हायड्रोजन भरणा केंद्रात स्फोट होऊन आग लागली आणि सॅन फ्रान्सिस्को परिसरातल्या पंपांचा पुरवठा दीर्घकाळ विस्कळीत झाला. तिथले दर आधी किलोला १३ ते १६ डॉलर होते, २०२३ मध्ये अनेक पंपांवर ते ३६ डॉलरपर्यंत गेले. मिराईची टाकी भरायला २०० डॉलर! फेब्रुवारी २०२४ मध्ये शेल या तेल कंपनीने त्या राज्यातले मोटारींसाठीचे आपले हायड्रोजन पंप कायमचे बंद करत असल्याचे जाहीर केले. गाडीत काहीही बिघाड नसताना ती दाराशी उभी ठेवायची वेळ मालकांवर आली.

इंधन पंपापर्यंत आणणे इतके अवघड का?

पेट्रोलचा एक मोठा टँकर २५ टनांच्या आसपास इंधन आणतो. पोलादी नळ्यांचा २०० बारचा हायड्रोजन ट्रेलर तेवढ्याच वजनाचा असून ३०० किलोंच्या आसपास आणतो. कार्बन फायबरच्या नळ्या आणि जास्त दाब वापरला तर १ टनापर्यंत. द्रव हायड्रोजनचा टँकर साडेतीन-चार टन आणतो, पण वायूचा द्रव करायलाच किलोमागे १० ते १३ युनिट जातात.

जागेवरच तयार करावा म्हटले, तर दिवसाला १ टन, म्हणजे साधारण २०० ते २५० मोटारींपुरता हायड्रोजन, बनवायला रोज ५५,००० युनिट लागतात. अहोरात्र सुमारे २.३ मेगावॅटचा भार. एवढी जोडणी मिळणे हा पंपाच्या जागेपेक्षा मोठा प्रश्न ठरू शकतो.

स्फोटाचा धोका किती?

धोका पेट्रोलपेक्षा वेगळ्या जातीचा आहे, म्हणून जास्त की कमी असे एका शब्दात सांगता येत नाही. हवेत ४ ते ७५ टक्के हायड्रोजन असला तर मिश्रण पेटू शकते. पेट्रोलच्या वाफेचा हा पल्ला खूपच अरुंद असतो. पेटायला ०.०२ मिलिज्यूल पुरतात. कपड्यांवरच्या स्थिर विजेची ठिणगीसुद्धा त्याहून मोठी असते. हायड्रोजनला वास नाही, आणि वास घालताही येत नाही, कारण वासाची गंधकयुक्त रसायने फ्युएल सेल बिघडवतात. ज्वाळा दिवसा जवळजवळ दिसत नाही. जमेची बाजू एकच, पण मोठी: हवेच्या १४ पट हलका असल्याने उघड्यावर तो झपाट्याने वर निघून जातो. पेट्रोलसारखा गाडीखाली साचून राहत नाही.

टाकीला उष्णतेने उघडणारी झडप असते. सुमारे ११० अंशांना ती उघडते आणि वायू ठरावीक दिशेने सोडते, म्हणजे आगीत टाकी फुटण्याऐवजी रिकामी होते. टाकीजवळ आणि फ्युएल सेलजवळ संवेदक असतात. गळती कळली किंवा धडक बसली की टाकीची मुख्य झडप आपोआप मिटते.

अपघात जास्त करून जोडकामात होतात. १० जून २०१९ रोजी ओस्लोजवळ सांडविका इथल्या पंपावर स्फोट झाला. कारण निघाले ते उच्च दाबाच्या टाकीच्या बुचाचे बोल्ट पुरेसे आवळलेले नव्हते हे. वायू गळत राहिला, हवेत मिसळला आणि पेटला. धक्का एवढा होता की जवळून जाणाऱ्या मोटारीच्या एअरबॅग उघडल्या. टोयोटा आणि ह्युंदाई यांनी नॉर्वेतली हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबवली. बोल्ट आवळण्याचा टॉर्क, तो तपासणारा दुसरा माणूस आणि त्याची लेखी नोंद या साध्या गोष्टींवर इथे सुरक्षितता उभी आहे.

अपघातग्रस्त गाडीतून फुत्कारासारखा मोठा आवाज येत असेल तर झडप उघडलेली असू शकते. जवळ जाऊ नये, वारा जिकडून येतो त्या बाजूला राहावे आणि अग्निशमन दलाला गाडी हायड्रोजनची आहे हे आधी सांगावे. न दिसणारी ज्वाळा शोधायला ते थर्मल कॅमेरा वापरतात.

बंदिस्त पार्किंगमध्ये लावता येते का?

तिथल्या नियमांवर अवलंबून आहे. तांत्रिक अट एवढीच की छताशी वायू कोंडणारी जागा नको. वायुवीजनाचे तोंड छतालगत हवे. जमिनीलगतच्या पंख्याचा उपयोग होत नाही. बोगदे आणि बोटींचे नियम वेगळे असू शकतात, ते प्रवासाआधी पाहावेत.

हायड्रोजन ९९ टक्के शुद्ध असला तर चालत नाही का?

नाही. गाडीसाठी किमान ९९.९७ टक्के लागतो, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे उरलेल्या ०.०३ टक्क्यात काय आहे. आयएसओ १४६८७ या मानकात कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा दहा लाखांत ०.२ भाग, गंधकाची दहा लाखांत ०.००४ भाग आणि अमोनियाची ०.१ भाग आहे. कार्बन मोनॉक्साइड सेलमधल्या प्लॅटिनमच्या उत्प्रेरकावर बसून प्रतिक्रियेची जागा अडवतो. स्वच्छ वायू मिळाला की ती बरीचशी मोकळी होते. गंधक मात्र चिकटला की सहज निघत नाही. अमोनिया सेलच्या दोन बाजूंमधल्या पडद्याची वहनक्षमता घटवतो. म्हणूनच नैसर्गिक वायूपासून बनवलेल्या हायड्रोजनचे शुद्धीकरण एकदा जरी घसरले, तरी त्या दिवशी भरलेल्या सगळ्या गाड्यांना त्याचा फटका बसतो, आणि चालकाला ते कळते तेव्हा ताकद कमी झालेली असते.

हवेच्या बाजूचेही तसेच. रहदारीतले नायट्रोजन आणि गंधकाचे ऑक्साइड सेलपर्यंत पोचू नयेत म्हणून हवेच्या फिल्टरला रासायनिक थर असतो. साधा धुळीचा फिल्टर बसवून पैसे वाचवू नयेत.

फ्युएल सेल किती टिकतो आणि कशाने खराब होतो?

मोटारीसाठी ५,००० ते ८,००० तासांचे लक्ष्य धरले जाते. ताशी सरासरी ५० किलोमीटरने ५,००० तास म्हणजे अडीच लाख किलोमीटर, खासगी मोटारीला पुरेसे. लांब पल्ल्याच्या ट्रकला मात्र २५,००० ते ३०,००० तास हवेत.

भाराचे सतत चढउतार झाले की प्लॅटिनमचे बारीक कण विरघळून मोठ्या कणांवर जमतात आणि कामाचा पृष्ठभाग घटतो. चालू-बंद करताना हायड्रोजनच्याच बाजूला काही भागात हवा आणि काही भागात हायड्रोजन अशी अवस्था क्षणभर येते, तेव्हा उत्प्रेरकाखालचा कार्बन झिजतो. थंडीत आत राहिलेले पाणी गोठते, म्हणून गाडी बंद केल्यावरही काही वेळ ती आतले पाणी उडवत असते. तो आवाज बिघाडाचा नाही, ते काम पुरे होऊ द्यावे.

आणखी एक गोष्ट जी फारशी कोणी सांगत नाही: कूलंट. तो सेलच्या शेकडो व्होल्टच्या पट्ट्यांमधून फिरतो, त्यामुळे त्यातून वीज वाहता कामा नये. त्यातले आयन शोषणारा फिल्टर ठरल्या वेळी बदलावा लागतो. कमी पडला म्हणून नळाचे पाणी किंवा साधा कूलंट ओतला, तर इन्सुलेशनचा इशारा येऊन गाडी जागीच थांबू शकते. शिवाय फ्युएल सेल ६० ते ८० अंशांवर चालतो आणि बरीचशी उष्णता रेडिएटरलाच बाहेर टाकावी लागते. चढावर, उन्हात, भरल्या ट्रकला नेमकी इथेच दमछाक होते.

हायड्रोजनची गाडी खरोखर प्रदूषणमुक्त आहे का?

गाडीच्या नळीतून पाणीच येते. पण २०२३ मध्ये जगभरात वापरलेल्या सुमारे ९ कोटी ७० लाख टन हायड्रोजनपैकी कमी उत्सर्जनाच्या मार्गाने बनलेला १ टक्काही नव्हता. नैसर्गिक वायूपासून १ किलो हायड्रोजन बनवताना ९ ते १० किलो कार्बन डायऑक्साइड निघतो. किलोमागे १०० किलोमीटर धरले तर किलोमीटरमागे ९० ते १०० ग्रॅम, म्हणजे चांगल्या पेट्रोल हायब्रिडच्या आसपास. दाबण्याचे आणि वाहतुकीचे उत्सर्जन वेगळे. आणि गळणारा हायड्रोजनही निरुपद्रवी नाही. वातावरणात मिथेनचे आयुष्य वाढवून तो अप्रत्यक्ष तापमानवाढ करतो.

पंपचालकाला हायड्रोजनचे मूळ विचारा आणि प्रमाणपत्र मागा. ‘हरित’, ‘निळा’ अशी हायड्रोजनला दिलेली रंगांची नावे पुरेशी नाहीत.

द्रव हायड्रोजन भरला तर जागेचा प्रश्न सुटतो ना?

काही अंशी. लिटरमागे ७१ ग्रॅम मावतात, पण तापमान उणे २५३ अंश ठेवावे लागते आणि कितीही चांगली टाकी असली तरी थोडी उष्णता आत शिरतेच. बीएमडब्ल्यूच्या हायड्रोजन ७ मध्ये सुमारे ८ किलो द्रव मावत असे. गाडी उभी राहिली की १७ तासांनंतर वाफ बाहेर सोडावी लागे आणि अर्धी टाकी ९ दिवसांत रिती होई. रोज न निघणाऱ्या मोटारीला हे परवडत नाही. सतत धावणाऱ्या ट्रकला चालू शकते: सप्टेंबर २०२३ मध्ये मर्सिडीजचा ४० टनी जेनएचटू ट्रक एका भरणीवर १,०४७ किलोमीटर गेला.

हायड्रोजन सरळ इंजिनात जाळला तर?

चालते, आणि शुद्धतेची कटकटही कमी होते. पण हवेतला नायट्रोजन तापून नायट्रोजन ऑक्साइड तयार होतात, कार्यक्षमता फ्युएल सेलपेक्षा कमी म्हणून टाकी आणखी मोठी लागते. अवजड यंत्रांना हा मार्ग शोभतो, मोटारीला नाही.

मग हायड्रोजन कुठे वापरावा?

खासगी मोटारीसाठी आम्ही सध्या शिफारस करणार नाही. जुलै २०२५ मध्ये स्टेलांटिस या मोटार कंपनीनेही पंपांच्या अभावाकडे बोट दाखवत आपला फ्युएल सेल वाहनांचा कार्यक्रम थांबवला. शहर बसचा हिशेबही सहज जुळत नाही. फ्रान्समधल्या माँपेलिए शहराने जानेवारी २०२२ मध्ये ५१ बसची योजना रद्द केली, कारण चालवण्याचा खर्च किलोमीटरला हायड्रोजनवर ०.९५ युरो आणि विजेवर ०.१५ युरो निघाला.

जिथे वाहन रोज त्याच आगारात परतते, दिवसभर जड ओझे वाहते आणि चार्जिंगला थांबायला सवड नसते, तिथे विचार करता येतो. तरी आधी रोजचे किलो मोजा: वाहने गुणिले अंतर गुणिले दर १०० किलोमीटरचा खप. त्यावर थंडी-उन्हासाठी १५-२० टक्के वाढवा. कॉम्प्रेसर दोन घ्या, एकावर विसंबू नका. पुरवठा करारात दराबरोबर पंप चालू राहण्याची टक्केवारी, दंड, शुद्धतेचा नियमित अहवाल आणि पर्यायी ट्रेलर किती तासांत येईल हे लिहून घ्या. हे लिहून द्यायला पुरवठादार तयार नसेल तर वाहने मागवू नका.

वापरलेली हायड्रोजन गाडी फार स्वस्तात मिळते. घ्यावी का?

स्वस्त का, ते आधी तपासा. टाकीला मुदत असते, साधारण १५ वर्षे. मिराईत इंधनाच्या झाकणाच्या आत ती तारीख लिहिलेली असते आणि त्यानंतर इंधन भरू नये असे स्पष्ट बजावलेले असते. नव्या टाक्या बसवण्याचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त होऊ शकतो. फ्युएल सेलचे तास आणि इन्सुलेशनच्या नोंदी अधिकृत दुरुस्ती केंद्रातून काढून घ्या. कूलंट आणि आयन फिल्टर कधी बदलला ते पाहा. टाकीवर ओरखडे, धडकेच्या खुणा किंवा रसायनाचे डाग असतील तर तपासणी अहवालाशिवाय पुढे जाऊ नका. मग घरापासून पोचता येतील असे ७०० बारचे पंप मोजा. त्यांची स्थिती महिनाभर रोज बघा. दोन वेगवेगळ्या पुरवठादारांचे दोन पंप बहुतेक दिवस चालू नसतील, तर फुकट मिळाली तरी ती गाडी घेऊ नका.